दगडाचं मूळ गाव

मराठी विभागाची संपादिका आमच्याच विंगमध्ये राहते, हे माझं दुर्दैव. रात्री अकरा वाजता दार वाजवून ती म्हणाली, "अगं, सतरा कविता आल्यात. अकरा पावसावर, पाच 'ती'वर आणि एक मेसच्या वरणावर. वरणावरची बरी आहे. पण गद्य कुणी देतच नाही. तू दे."

मी म्हटलं, बाई गं, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. भाजीवाला एकोणसाठ म्हणाला की एकोणसत्तर म्हणाला हे मला आजही कळत नाही, मी सरळ शंभराची नोट पुढे करते. त्यावर ती म्हणाली, "चालेल. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. तू विषय आण."

माझ्याकडे विषय एकच होता. तोही एका वायवामध्ये माझी जी शोभा झाली त्यातून आलेला.

सेकंड इयर सिव्हिलला इंजिनिअरिंग जिऑलॉजी असतं. (कॉम्प्युटरवाल्यांनो, तुम्ही सुटलात.) प्रॅक्टिकलला एका ट्रेमध्ये दगड मांडून ठेवतात आणि तुम्ही ते ओळखायचे. ग्रॅनाइट ठिपक्यांवरून ओळखू येतो, संगमरवर कुणालाही येतो. राहिलेला काळा तो बसाल्ट, हा आमचा परंपरागत फंडा. एक्स्टर्नल सरांनी काळा तुकडा उचलला. मी म्हटलं, "बसाल्ट, सर."

"कुठून आला?"

"घाटातून, सर."

मागे दोघी फिसकन हसल्या. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "घाटात कुठून आला?"

"ज्वालामुखीतून, सर. दख्खनचा लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी."

"आणि त्याआधी?"

मी गप्प. त्याआधी काय? दगडाला त्याआधी असतं का काही? सर म्हणाले, "वितळलेला रस खोलून निघाला, वर येताना वाटेत काय काय खाऊन आला, हे दगड बघून सांगता येतं. वाचा." आणि वीसपैकी अकरा देऊन मोकळे झाले.

अकरा मार्कांचा राग मोठा असतो. मी लायब्ररीत गेले, सुरुवातीला फक्त सरांना मनातल्या मनात उत्तर द्यायला. मग मात्र अडकले.

पहिला धक्का असा की दगड म्हणजे निम्मा ऑक्सिजन. खरंच! पृथ्वीच्या कवचाचं वजन केलं तर त्यात सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन भरतो. आपण नाकाने ओढतो तोच, फक्त सिलिकॉन, लोखंड, मॅग्नेशियम यांच्याशी घट्ट बांधलेला. जागेचा हिशोब केला तर नव्वद टक्क्यांहून जास्त जागा त्याचीच. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या पायऱ्या या बऱ्याचशा हवेच्या आहेत असं म्हणायला हरकत नाही. (लिफ्टच्या बाबतीत कॉलेजने आपल्याला जे दिलंय तेही हवाच.)

दुसरं म्हणजे हे सगळे ऑक्सिजन सारखे नसतात. बहुतेकांचं वजन १६, काही थोड्यांचं १८. १७ वजनाचेही असतात, पण अगदीच नगण्य. रासायनिक स्वभाव एकच, वजनात फरक. यांना समस्थानिक म्हणतात, आपण आयसोटोप म्हणूया. साधारण पाचशे अणूंमागे एक जड. १८ वजनाचा हा ऑक्सिजन १९२९ मध्ये सापडला. १९४७ साली हॅरल्ड युरी या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की तापमानाप्रमाणे जड आणि हलक्या आयसोटोपची वाटणी बदलते. थंडीत ही वाटणी एकमेकांपासून खूप वेगळी होते, आणि उष्णता वाढत गेली की फरक मिटत जातो.

गंमत इथेच आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा हलकं पाणी आधी उडतं. ढगातून पाऊस पडतो तेव्हा जड आधी पडतं. त्यामुळे ढग जितका आत, उंच आणि थंडीत जाईल, तितका पुढचा पाऊस आणखी हलका. उलट जमिनीवर, गार पाण्यात जे खनिज तयार होतं, म्हणजे चिकणमाती किंवा चुनखडक, ते जड ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतं. म्हणजे ज्याचा पृष्ठभागावरच्या पाण्याशी संबंध आला त्यावर शिक्का बसला. हलका तरी, नाहीतर जड तरी.

आणि खोल, प्रावरणात? तिथे तापमान हजार अंशांच्या वर. तिथे वाटणी जवळजवळ एकसारखी. समुद्राच्या पाण्याला शून्य धरून दर हजारी फरक मोजतात. प्रावरणातलं ऑलिव्हिन जवळपास सगळीकडे ५.२ च्या आसपास येतं, तिथून वितळून आलेला ताजा बसाल्ट ५.५ ते ५.७. चुनखडक २५ ते ३०. चिखलाचे गाळखडक १५-२० च्या घरात. पाऊस शून्याच्या खाली. आता हा फरक किती बारीक बघा. समुद्राच्या पाण्यातले दहा लाख ऑक्सिजन घेतले तर त्यात सुमारे दोन हजार जड निघतील. ताज्या बसाल्टमधले दहा लाख घेतले तर त्याहून दहा-अकरा जास्त. बस्स! त्या दहा-अकरांवर सगळी कोर्टकचेरी.

लाव्हा थिजताना, त्यातून स्फटिक बाहेर पडताना हा आकडा फार तर दशांशात हलतो. म्हणून एखादा ज्वालामुखीचा दगड ५.७ च्या ऐवजी ९ दाखवू लागला, तर त्याने वाटेत जुनं कवच किंवा गाळ गिळलाय. आणि २ दाखवू लागला, तर त्याच्या पोटात कधीतरी पाऊस पडलाय.

दगडाच्या पोटात पाऊस, हे वाक्य मी लायब्ररीच्या बाकावर पेन्सिलने लिहिलं होतं. (लायब्ररीयन सरांनी माफ करावं, खोडलंय.) कारण हे खरोखर घडलंय. अमेरिकेतल्या यलोस्टोनला तीन प्रचंड उद्रेक झाले. एक सुमारे २१ लाख वर्षांपूर्वी, एक १३ लाख आणि शेवटचा ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. दर वेळी जमीन खचून मोठा खड्डा झाला. त्या खड्ड्यांत नंतर आलेल्या काही लाव्हांमध्ये जड ऑक्सिजन फारच कमी निघाला, हे १९८४ मध्ये नोंदवलं गेलं. आता थेट पावसाचं पाणी रसात ओतून हे होत नाही. तेवढं पाणी रसात मावतच नाही. मग? २००१ मध्ये बिंडेमन आणि व्हॅली या दोघांनी त्या लाव्हातले झिरकॉनचे दाणे तपासले. झिरकॉन म्हणजे वाळूच्या कणासारखं चिवट स्फटिक, सहजासहजी विरघळत नाही. दाण्याचा गाभा एक आकडा सांगत होता आणि बाहेरची कड दुसरा. गाभा जुन्या उद्रेकाच्या काळातला, कड नव्या रसातली. म्हणजे आधी थिजलेला दगड जमिनीत खचला, हजारो वर्षं गरम झऱ्यांचं पाणी त्यातून फिरत राहिलं, पावसाची सही त्यावर उमटली आणि मग खालच्या आचेने तोच दगड पुन्हा वितळून वर आला. आइसलँडच्या बसाल्टमध्येही असा हलकेपणा खूप सापडतो, तिथे तर पाणी आणि लाव्हा शेजारी शेजारीच नांदतात.

मोजायचं कसं, हे वाचताना मात्र आमच्या केमिस्ट्री लॅबची आठवण येऊन अंगावर काटा आला. सिलिकेट आपला ऑक्सिजन सुखासुखी सोडत नाही. त्याला फ्लोरिनसारख्या आडदांडाकडूनच सोडवून घ्यावं लागतं. पूर्वी निकेलच्या नळीत ब्रोमीन पेंटाफ्लोराइडबरोबर दगडाची पूड पाचशे-सहाशे अंशांवर रात्रभर तापवत ठेवायचे. १९६३ सालची ही पद्धत. १९९० नंतर लेसरने एक-दोन मिलिग्रॅमचे दाणे तापवायला लागले, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही थोडंच जास्त. आता तर आयनांच्या झोताने एकाच स्फटिकावर केसापेक्षा बारीक ठिपका पाडून मोजतात.

आता आपल्या घाटाकडे येऊ. दख्खनचा लाव्हा आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. सह्याद्रीत त्याचे थर लावून त्यांना नावं दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर... वाचताना एसटीचा बोर्ड वाचल्यासारखं वाटतं. यात बुशेचा लाव्हा खालचं जुनं ग्रॅनाइटी कवच भरपूर खाऊन आलेला आणि आंबेनळीचा सगळ्यात कमी भेसळीचा. हे मुख्यतः स्ट्रॉन्शियम, निओडिमियमसारख्या आयसोटोपवरून कळलं. ऑक्सिजनने का नाही? कारण आपला दगड साडेसहा कोटी वर्षं पावसात भिजतोय. सबंध दगडाची पूड करून मोजाल तर नंतरच्या पाण्याने बदललेला आकडाच येतो. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पाण्याने पांढरी खनिजं भरली, झिओलाइट वगैरे, तीही पुडीत येतात. म्हणून आधी असे दगड बाजूला टाकायचे, वरचा कुजका थर काढायचा, आतला घट्ट गाभा फोडायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ताजा स्फटिक वेचून तोच तपासायचा.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वाईच्या बाजूला एका गावात राहतात. आबा दगडाचं काम करायचे. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायची आणि गावोगाव फिरून झिजलेल्यांना टाकी लावायची. लहानपणी मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर ओढ्यात जायचे. ते दगड हातोडीने वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. मग एका बाजूची साल उडवून आत बघायचे. पांढरे ठिपके दिसले की म्हणायचे, "डोळ्याचा दगड नको. वाटताना डोळा निघतो, चटणीत कचकच." त्यांचे ते डोळे म्हणजे माझ्या पुस्तकातले झिओलाइट.

इथपर्यंत लिहून मी संपादिकेला दाखवलं. ती म्हणाली, छान, इथेच संपव. पण इथे संपवलं तर ते खोटं होईल.

सहावीत आम्हाला 'माय ग्रँडफादर' असा निबंध होता. मी लिहिलं, माझे आजोबा स्कल्प्टर आहेत. देवाच्या मूर्ती करतात. सिस्टरना निबंध फार आवडला. ग्रँडपेरेंट्स डेला त्यांना घेऊनच ये, म्हणाल्या. मी घरी सांगितलंच नाही, पण चिठ्ठी डायरीत होती आणि बाबांनी ती वाचली.

आबा आले. धोतर, टोपी आणि खांद्यावर गोणपाटात बांधलेला पाटा-वरवंटा. सिस्टरना भेट द्यायला! एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत ते ओझं घेऊन चालत आले होते. बाकीच्यांचे आजी-आजोबा गाड्यांतून उतरत होते. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, हे कोण? मी इंग्रजीत म्हणाले, गावाकडचा माणूस आहे, आमच्या शेतावर काम करतो. आबा दोन पावलांवर उभे होते.

आमचं शेतही नाही.

ते कार्यक्रमभर शेवटच्या रांगेत बसले, पाटा सिस्टरना दिला आणि चारच्या गाडीने परत गेले. आपण इंग्रजीत बोललो म्हणून त्यांना कळलं नाही, या एका आधारावर मी पुढची आठ वर्षं काढली.

यंदा दिवाळीत गावी गेले तेव्हा मी त्यांना आयसोटोप समजावून सांगायचं ठरवलं. ते आता काम करत नाहीत. ओट्यावर बसून असतात, जवळ एक अर्धवट घडवलेला पाटा पडलेला. मी म्हटलं, "आबा, पाणी दोन प्रकारचं असतं. एक हलकं, एक जड."

"कावडीनं पाणी व्हायलंय म्या. मला तर समदंच जड लागलं."

मी नेट लावला. ऊन लागलं की हलकं आधी उडतं. ढगात हलकं जातं. ढग घाट चढताना जड आधी गाळतो आणि पुढे पूर्वेकडे जाता जाता आणखी हलका होतो. आबा म्हणाले, "म्हंजी माणात जातुया त्यो निस्ता वाळला ढग. आमास्नी ठावं हाय त्ये." मग यलोस्टोनचं सांगितलं. दगड भिजला, खचला, पुन्हा वितळला, तरी आतल्या बारक्या खड्याने आपला आधीचा गाभा सोडला नाही. आबांनी अर्धवट पाट्यावर हात फिरवला आणि विचारलं, "आन् ह्यो?"

"हा खालून आला, आबा. जमिनीच्या पोटातून, खूप खोलून. इथल्या वरच्या थरांत वाटेतली भेसळ त्यामानाने कमी आहे म्हणतात. या थरांच्या अख्ख्या गटाला पुस्तकात वाईचंच नाव आहे, वाई उपगट."

"पुस्तकात वाई?" ते खूश झाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं डुलकी लागली. मी उठणार तेवढ्यात म्हणाले, "त्या साळंतल्या बाई पाट्याला काय म्हनल्या गं?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, "आवडला त्यांना."

"वापरत्यात का?"

"माहीत नाही, आबा." आणि मग एकदम म्हणून गेले, "आबा, त्या दिवशी मी..."

"तू इंग्रजीत बोलली व्हतीस," आबा म्हणाले. "पर त्वांड मराठीच व्हतं तुजं."

एवढंच म्हणाले. रागाने नाही, दगड वाजवून बघताना बोलायचे त्याच आवाजात. आतून आजीने चहाला हाक मारली आणि आम्ही दोघं आत गेलो. मी माफी मागितली नाही. तोंडातून शब्द फुटला नाही. मराठीत काय म्हणायचं हेही मला धड येत नव्हतं. 'सॉरी' म्हणणं त्यांच्यापुढे फारच स्वस्त वाटलं.

डिसेंबरात सबमिशन संपल्यावर घरी गेले तेव्हा मी शाळेत गेले. नाताळची सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा. हॉलमध्ये गोठा उभारायचं चाललं होतं. त्या सिस्टरची केव्हाच बदली झालेली. पाट्याचं कुणाला विचारावं कळेना. मला वाटलं होतं, एक तर बागेत कुंडीखाली असेल, नाहीतर फेकून दिला असेल. वॉचमनकाकांनी मला बोर्डिंगच्या स्वयंपाकघराकडे पाठवलं.

पाटा तिथेच होता, मागच्या दाराशी, नळाजवळ. ओला, आणि खोबऱ्या-लसणाचा वास येणारा. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, मिक्सर आहे, पण मुली शनिवारची चटणी यावरचीच मागतात. मी हात लावून बघितला. मध्ये खोलगट आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. आबांच्या टाकीचे ठिपके फक्त कडेला उरले होते.

"घसरतो आता," मावशी म्हणाल्या. "टाकी लावायला झालाय. दोन वर्षं बघतेय, पण टाकीवालाच येत नाही हल्ली. तुझ्या माहितीत आहे का गं कुणी?"

मी म्हटलं, "आहेत. माझे आजोबा."

तिथूनच गावी फोन लावला. आबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मी ओरडून सांगत होते आणि सगळं स्वयंपाकघर ऐकत होतं. पाटा वापरतात म्हटल्यावर ते म्हणाले, "हां." गुळगुळीत झालाय म्हटल्यावर म्हणाले, "हुनारच." मी विचारलं, याल का, मी स्टँडवर घ्यायला येते.

तर म्हणाले, "सकाळची पयली गाडी कितीला हाय, त्ये इचारून ठेव."